शिरोलीचे नवे गोरे

'पंचतारांकित' हा शब्द आम्हा कोल्हापूरकरांस नवा नाही. कागल-हातकणंगलेच्या माळावर औद्योगिक विकास महामंडळाने जी वसाहत वसविली तिचे नावच मुळी पंचतारांकित औद्योगिक वसाहत. आमची शिरोली तिच्याहून जुनी आणि बिनताऱ्यांची. महामार्गाच्या कडेला वाळू, कोळसा आणि तापल्या लोखंडाच्या वासात तिचे आयुष्य गेले. पंचगंगेला पूर आला की महामार्ग बंद पडतो आणि वसाहत शहरापासून तुटते. २०१९ साली व पुन्हा २०२१ साली हेच घडले. अशा ठिकाणी सत्तावीस वर्षे फिटर म्हणून काढलेल्या माणसाला खरे पंचतारांकित हॉटेल पाहण्याचा योग आला तो कोल्हापुरात नव्हे, मुंबईतही नव्हे. मध्य आफ्रिकेतील कांगोची राजधानी किन्शासा येथे तो आला. मालकांनी विकलेली पंपांची इंजिने तिथल्या व्यापाऱ्याच्या गोदामात चालू करून दाखवायची होती आणि त्या कामासाठी माझी नेमणूक झाली होती. मालक स्वतः सोबत होते. नऊ रात्री आम्ही एकाच हॉटेलात राहिलो.

परतल्यावर शेडमधल्या सोबत्यांनी विचारले, "सिंह दिसला काय?" मालकांच्या बिरादरीने विचारले, "माल खपेल काय?" कांगोत माणसे कशी राहतात, हे कोणीही विचारले नाही. म्हणून हा लेख.

त्या हॉटेलच्या एका रात्रीचे भाडे २५० डॉलर होते. रुपयांत ते एकवीस हजारांच्या वर जाते. आमच्या फेटलिंग विभागातील कंत्राटी हेल्पराच्या हातात अख्ख्या महिन्याचे मिळून तेवढे पडत नाहीत. फाटकाशी मोटारीच्या पोटाखाली आरसा फिरवून तपासणी, आत संगमरवर, थंडगार हवा, आणि शहराची वीज गेली तरी ज्याचा श्वास चुकत नाही असे जनित्र. भाजी, मासे, पाव, फळे यांची न्याहारी इतकी की अर्धी परत जाते. देशाचे चलन कांगोली फ्रँक, पण सारा व्यवहार डॉलरमध्ये. त्यातही नोटेचा कोपरा जरासा फाटलेला असेल तर ती परत. मी हे सुख भोगले नाही असे म्हणणार नाही. पहिल्या रात्री त्या मऊ गादीवर मी निवांत झोपलो आणि सकाळी गरम पाण्याखाली गरजेपेक्षा दुप्पट वेळ उभा राहिलो. खिडकीतून कांगो नदी दिसे. पलीकडच्या तीरावर दुसऱ्या देशाची राजधानी ब्राझाव्हिल. मधल्या प्रवाहातून जलपर्णीची बेटे वाहत जात. तेवढी एकच गोष्ट ओळखीची होती. इचलकरंजीच्या खाली पंचगंगेत हीच जलपर्णी आम्ही रोज पाहतो.

हे हॉटेल ज्या गोंबे भागात आहे त्याचे बेल्जियन अमदानीतील नाव कालिना. शहर तेव्हा लेओपोल्डव्हिल. ज्या राजा लेओपोल्डने १८८५ ते १९०८ हा अवघा देश खाजगी मळ्यासारखा राबविला आणि रबरासाठी माणसांचे हात तोडवले, त्याचेच नाव शहराला. गोऱ्यांची वस्ती नदीकाठी आणि काळ्यांची वस्ती आत. मध्ये मुद्दाम सोडलेला मोकळा पट्टा. त्या पट्ट्यात गोल्फचे मैदान, प्राणिसंग्रहालय, बाग. आपल्याकडील गावकुसाचे हे युरोपीय भाषांतर. १९६० साली स्वातंत्र्य आले, १९६६ साली शहराचे नाव किन्शासा झाले, गोल्फचे मैदान मात्र आहे तिथे आहे. १९७१ साली मोबुटूच्या राजवटीत इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल उभे राहिले तेही याच गोंब्यात. कुस्तीवेड्या कोल्हापुरातील जुन्या मंडळींना १९७४ च्या ऑक्टोबरातील मुहम्मद अली व जॉर्ज फोरमन यांची किन्शासातील झुंज आठवत असेल. प्रत्येकी पन्नास लाख डॉलर मोबुटूने त्या मल्लांना कबूल केले होते. फोरमनचा मुक्काम त्याच हॉटेलात होता. देशाच्या तिजोरीवर हात मारणाऱ्या हुकूमशहाला जगापुढे मिरविण्यासाठी आधी एक हॉटेल लागते, ही गोष्ट आपल्या अभ्यासवर्गांत क्वचितच येते.

आता मला मिळालेल्या पदवीविषयी. गोदाम लिमेते या कारखानदारीच्या भागात होते. तिसऱ्या दिवशी तिथे हॉटेलच्या गाडीतून उतरताना पोरांनी हाक मारली, "मुंडेले!" लिंगाला भाषेत याचा अर्थ गोरा माणूस. मी गोरा! सत्तावीस वर्षे भट्टीजवळ काढलेला, उन्हाने रापलेला माझा वर्ण पाहून शिरोलीत कोणी असे म्हटले असते तर हशा पिकला असता. पण पोरांचे चुकले नव्हते. त्यांनी माझी कातडी पाहिली नाही, मी कोणत्या फाटकातून बाहेर आलो ते पाहिले. वर्ण ही त्या देशात आता पत्त्यावरून ठरणारी गोष्ट आहे.

आमच्या गाडीचा चालक हॉटेलचा नोकर नव्हता, ठेकेदाराचा होता. दारावरचा पहारेकरीही सुरक्षा-कंपनीचा, झाडूवाली आणखी तिसऱ्याच कंपनीची. सगळ्यांच्या अंगावर हॉटेलचे चिन्ह, पण पगारपत्रकावर हॉटेलचे नाव नाही. हे ऐकताना मला वाटले की मी शिरोलीतच आहे. आमच्या शेडमध्येही साचा भरणारा, ओतकाम करणारा, वाळू झाडणारा असे तिघे तीन ठेकेदारांचे. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेला पोरगा दहा वर्षे एकाच भट्टीशी उभा असतो, तरी कारखान्याच्या कागदांत त्याचा जन्मच झालेला नसतो. २०२० च्या टाळेबंदीत घरी परतायची पाळी आली तेव्हा तो कोणाचा कामगार, हे सांगायला कोणी पुढे येईना.

त्याच चालकाने मला एक शब्द शिकविला. 'देलेस्ताज', म्हणजे आपले भारनियमन. वीज आळीपाळीने सोडतात, त्याला हा फ्रेंच शब्द. पण किन्शासातील गरीब माणसे तो जेवणाला लावतात. आज थोरल्यांनी जेवायचे, उद्या धाकट्यांनी. घरातल्या घरात अन्नाचे भारनियमन! महाराष्ट्राने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले आहे, पण तो शब्द ताटापर्यंत पोचविण्याची वेळ आपल्या बहुतेकांवर आलेली नाही.

आणि ज्या देशात ही पाळी, त्या देशाच्या नदीत विजेचा केवढा साठा आहे! इंगा येथे १९७२ व १९८२ साली दोन वीजकेंद्रे झाली. तिथून सुमारे १७०० किलोमीटर लांब तारा दक्षिणेच्या तांब्याच्या खाणींपर्यंत ओढल्या. ज्या गावांच्या डोक्यावरून त्या गेल्या त्यांना एक दिवा लागला नाही, कारण तिची रचनाच अशी की वाटेत वीज काढता येऊ नये. कोयनेच्या धरणग्रस्तांना ही कथा समजावून सांगावी लागणार नाही. खाणींसाठी गेलेली ती वीज आणि हॉटेलातील ते न थांबणारे जनित्र, ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत. माल बाहेर जाईल तिथवर उजेड, माल न्यायला येणारा झोपेल तिथवर उजेड.

हॉटेलच्या दिवाणखान्यात संध्याकाळी काय बोलले जाते ते मी शेजारी बसून ऐकले. चिनी, लेबनानी, बेल्जियन, आणि आपली माणसे. विषय बहुधा कोबाल्टचा. जगातील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कांगोतून निघते. २०२५ च्या फेब्रुवारीत तेथील सरकारने त्याची निर्यात थांबविली आणि ऑक्टोबरापासून कोटा लावला, त्यावर या मंडळींचा मोठा राग. आमच्या मालकांचाही. वस्तुतः त्यांनी रागावण्याआधी जरा विचार करायला हवा होता. शिरोलीच्या भट्ट्यांत ओतले जाते ते बरेचसे इंजिनाचे ओतीव काम. विजेवरची मोटार आली की इंजिनाचा ठोकळा लागत नाही. तिच्या ज्या बॅटऱ्यांत कोबाल्ट असते ते कोल्वेझीच्या परिसरात हाताने खणणारी माणसे, अनेकदा पोरेसुद्धा, भुयारात उतरून वर काढतात. म्हणजे त्या खणणाऱ्याच्या मरणावर जी गाडी चालणार तीच आमच्या ओतकाम करणाऱ्याची भाकरी काढून घेणार. हे दोघे एकमेकांना कधी भेटणार नाहीत. भेटतात ते हॉटेलातले, आणि ते भेटतात दर ठरविण्यासाठी.

तिथे वारंवार कानी आलेले वाक्य असे : "ही माणसे आळशी, यांना फुकट खायची सवय." मी चमकलो, कारण हे वाक्य मला पाठ होते. शिरोलीत स्थानिक पोरांविषयी ते बोलले जाते आणि म्हणून परप्रांतीय आणले जातात. परप्रांतीयाने जादा कामाचे दुप्पट पैसे मागितले की तेच वाक्य त्याच्याकडे वळते. आळशीपणा हा मोबदला मागणाऱ्याचा जगभर ठरलेला गुन्हा आहे.

काही साथी म्हणतील, आपल्या छोट्या कारखानदाराला साम्राज्यवादी कसे म्हणता? तो स्वतःच मोठ्या मोटार कंपन्यांच्या दावणीला बांधलेला, बिलासाठी महिनोन्महिने ताटकळणारा. हे खरे आहे आणि मी ते नाकारीत नाही. आमची इंजिने चालू झाली तेव्हा गोदामाबाहेर जमलेल्या शेतकऱ्यांचा आनंद खोटा नव्हता. कातेन्दे व काकोबोला येथील जलविद्युत प्रकल्पांना भारताने कर्ज दिले, त्यातही सगळेच वाईट असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप माल विकण्याला नाही. खिडकीला आहे. आठव्या मजल्यावरून पाहिलेला देश म्हणजे बाजारपेठ, एवढीच दृष्टी घेऊन माणूस परततो आणि वसाहतीच्या सभागृहात भाषण देतो. मग ती दृष्टी आमच्या कामगारांच्या पोरांतही उतरते.

या देशाचे आणि आपले नाते एकेकाळी वेगळे होते. १९६१ च्या जानेवारीत लुमुंबांची हत्या झाली. कटांगा प्रांत तोडून खाणी आपल्या मुठीत ठेवण्याचा बेल्जियन भांडवलाचा डाव उधळण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली भारताची सेना तिथे लढली. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. त्याच भारताच्या राजधानीत २०१६ च्या मे महिन्यात रिक्षावरून झालेल्या वादात एका कांगोली तरुणाला ठेचून मारण्यात आले, आणि किन्शासात भारतीयांच्या दुकानांवर दगड पडले. माझ्या यजमान व्यापाऱ्याने ते दिवस सांगितले. दगडांचे सांगितले, त्या तरुणाचे नाही.

डॉ. लोहिया १९६४ साली अमेरिकेत मिसिसिपीतील जॅक्सन येथे एका उपाहारगृहात गेले, तेव्हा गोऱ्यांखेरीज कोणास प्रवेश नाही म्हणून त्यांना परतविले गेले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि अटक करवून घेतली. पण इतके लांब तरी कशाला जायचे? पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी कोल्हापुरात, भाऊसिंगजी रस्त्यावर, चहाचे हॉटेल घालून दिले आणि आपली गाडी तिथे थांबवून, सोबतच्या मानकऱ्यांच्या देखत, त्यांच्या हातचा चहा घेतला. त्या टपरीवर एकही तारा नव्हता. तिथे राजा बाहेरून आत आला होता. किन्शासात आम्ही नऊ दिवस आतच बसलो होतो.

शेवटच्या दिवशी मी चालकाला म्हटले, चला, आत चहा घेऊ. तो हसला. मी पुन्हा म्हटले. मग तो फाटकाशी थांबला आणि म्हणाला, पहारेकरी माझ्या मेहुण्याचा मित्र आहे, मला आत सोडण्यावरून त्याची नोकरी जाईल. आम्ही रस्त्याच्या पलीकडे एका बाईच्या पाटीवरून शेंगदाणे घेतले आणि उभ्यानेच खाल्ले. मालक आतून हात करीत होते, विमानाला उशीर होत होता.

मागील आठवड्याच्या गेटसभेत मी मागणी मांडली की नऊ रात्रींच्या हॉटेलचे बिल आणि आमच्या उपाहारगृहाचे वर्षाचे अनुदान हे दोन आकडे सूचनाफलकावर शेजारी-शेजारी लावावेत. व्यवस्थापनाने कळविले की परदेश प्रवासाचा खर्च ही कामगारांशी संबंधित बाब नाही. ते बिल माझ्या नावावरही आहे, त्यामुळे त्याची प्रत माझ्याजवळ आहे. ती येत्या सोमवारी फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर लावली जाईल.