वजन घटवायची पावडर घेत असाल, तर तो डबा डॉक्टरांना दाखवा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरकरांना कळकळीचं आवाहन

तुमच्या घरात कोणी वजन कमी करण्यासाठी पावडर, कॅप्सूल, काढा किंवा ‘फॅट बर्नर’ घेत असेल, तर हे दोन मिनिटं वाचा. या वस्तू हल्ली औषधाच्या दुकानातूनच येतात असं नाही. जिममधून येतात, पार्लरमधून येतात, सकाळच्या शेकच्या क्लबमधून येतात, लोकलच्या लेडीज डब्यातली मैत्रीण आणून देते. देणारं माणूस ओळखीचं, म्हणून कोणी फार चौकशी करत नाही. यातल्या काही वस्तूंनी लिव्हरला गंभीर इजा होते. सगळ्यांना होत नाही, पण कोणाला होईल हे आधी कळत नाही.

फसगत कुठे होते ते सांगतो. लिव्हर दुखावलं की सुरुवातीला मळमळतं, थकवा येतो, अन्नावरची वासना उडते. आणि आपण पैसे मोजलेले असतात ते नेमके भूक कमी व्हावी म्हणूनच! काटा खाली उतरतो, घरचे कौतुक करतात. मळमळीची तक्रार केली तर विकणारी व्यक्ती सांगते, “डिटॉक्स होतंय, आतली घाण निघतेय, बंद करू नका.” मग लघवी गडद पिवळी होते, अंगाला खाज सुटते, डोळे पिवळे दिसू लागतात. औषधाने किंवा अशा पूरक पदार्थाने लिव्हर दुखावून कावीळ दिसण्यापर्यंत मजल गेली, तर साधारण दहातला एक रुग्ण दगावतो किंवा त्याच्यावर लिव्हर बदलण्याची वेळ येते.

आपल्याकडे कावीळ म्हटली की पहिला संशय पाण्यावर जातो. पावसाळ्यात तो बहुतेकदा खराही असतो. पण हिपॅटायटिस ए आणि ई चे रिपोर्ट निगेटिव्ह आले, तरी डब्याचा विषय निघत नाही, कारण “ते काही औषध नाही” असं रुग्णाला मनापासून वाटत असतं. कोणी काविळीची माळ घालतं, कोणी गावठी औषध आणतं. दुखावलेल्या लिव्हरवर आणखी एक अनोळखी पदार्थ जाऊन पडतो आणि मूळ पावडर रोज सुरूच राहते.

2013च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या हवाई बेटांवर तीव्र हिपॅटायटिसचे सात रुग्ण आढळले. कारण सापडत नव्हतं. काय काय घेता, असं विचारल्यावर कळलं की सातही जण वजन घटवण्यासाठी ‘ऑक्सीएलिट प्रो’ घेत होते. शोध घेत गेल्यावर आकडा 29 वर गेला. दोघांचं लिव्हर बदलावं लागलं, एकाचा मृत्यू झाला. नोव्हेंबरमध्ये कंपनीने माल परत घेतला. संशय गेला तो एजेलीन या घटकावर. हा घटक मुळात बेलाच्या झाडात असतो. अंबरनाथच्या शिवमंदिरात आपण वाहतो तोच बेल. त्या पानाचा यात काही दोष नाही. गोळीत होतं ते कारखान्यात बनवलेलं रसायन. म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नका. ग्रीन टीचा कपभर चहा वेगळा आणि त्याचा अर्क भरलेली कॅप्सूल वेगळी. कोकमाच्या कुळातल्या गार्सिनियाच्या गोळ्यांनीही लिव्हर निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. “मैत्रिणीला काही झालं नाही,” हा आधारही कच्चा आहे. ग्रीन टी अर्क आणि गार्सिनिया यांनी होणाऱ्या इजेचा संबंध एका विशिष्ट जनुकप्रकाराशी सापडला आहे. तो तिच्यात नसेल, तुमच्यात असू शकेल.

मुंबईही दूर नाही. कोविडकाळात, 2020च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या लिव्हरला झालेली इजा मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. पण काय घेता, हे विचारलं गेलं नसतं तर वादही झाला नसता आणि रुग्णही कळले नसते.

डब्यावरचा एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक हा धंद्याचा परवाना आहे. माणसांवर चाचणी झाल्याचा दाखला नाही. सिब्युट्रामिन हे वजन घटवायचं औषध हृदयाला धोका म्हणून भारतात 2011 मध्ये बंद झालं, आणि तरीही ‘हर्बल’ म्हणून विकलेल्या गोळ्यांत ते न सांगता मिसळलेलं जगभर पुन्हा पुन्हा सापडतं.

विकणाऱ्या ताईंना आणि ट्रेनर दादांना हात जोडून सांगतो: तुमच्यापैकी अनेक जण स्वतःही तेच घेता, घरखर्चाला हातभार म्हणून विकता, हे मला माहीत आहे. पण लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात 1954च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने गुन्हा आहे. आणि मळमळ, उलटी, पिवळे डोळे याला ‘डिटॉक्स’ म्हणू नका. “आजच बंद करा आणि डॉक्टरांकडे जा,” एवढंच सांगा.

घेणाऱ्यांनो, यातलं एक जरी लक्षण दिसलं तर पावडर त्याच दिवशी थांबवा. लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टर, कुठेही जा, पण डबा, कॅप्सूलची पट्टी, सोबत दिलेलं सगळं घेऊन जा. गुंगी आली, बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट पाहू नका. माझ्या डॉक्टर मित्रांनो, कावीळ दिसली की दारूबद्दल विचारता तसंच पावडरबद्दलही विचारा, आणि संशयित दुष्परिणाम 1800-180-3024 या राष्ट्रीय टोल फ्री क्रमांकावर कळवा. रुग्णालाही तिथे थेट फोन करता येतो.