पाहणारा कोठे उभा आहे?

गेली दोन वर्षे मी आपल्या महाविद्यालयाच्या क्रिकेट संघाचा स्कोअरर आहे. खेळाडू नव्हे. प्रथम वर्षाला असताना निवडचाचणीला गेलो होतो. तिथे तीन चेंडूंत दोनदा त्रिफळा उडाला आणि सरांनी बॅट काढून घेऊन हातात पेन्सिल दिली. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी सीमारेषेबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि एकेका चेंडूचा ठिपका मांडतो. या कामात एक सोय आहे. खेळणाऱ्याचे लक्ष चेंडूवर असते, पंचाचे क्रीजवर असते; सामना पाहायला कोण कोण आले आहे हे पाहायला मात्र स्कोअररला भरपूर वेळ मिळतो. आणि दोन वर्षांच्या अनुभवाने सांगतो, कोणीही आलेले नसते.

आमचे एक प्राध्यापक नेहमी म्हणतात, "गुणवत्ता असेल तर ती दिसल्यावाचून राहत नाही." सरांबद्दल मला आदर आहे, पण या वाक्याशी माझे भांडण आहे. दिसण्यासाठी पाहणारा लागतो आणि पाहणाऱ्यालाही कोठेतरी उभे राहावे लागते. मुंबईच्या क्रिकेटचा पाहणारा शिवाजी पार्कवर, आझाद मैदानावर, क्रॉस मैदानावर उभा असतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. बदलापूर हे मध्य रेल्वेवरचे मुंबई क्रिकेटचे शेवटचे स्टेशन समजले जाते. म्हणजे कागदावर आपण मुंबईचे. प्रत्यक्षात किटबॅग घेऊन दीड तास लोकलमध्ये उभे राहायचे, आणि पावसाळ्यात कांगा लीगचा सामना असला तर दादरला उतरल्यावर कळायचे की मैदानात पाणी आहे, आजचा खेळ रद्द. (ही लीग १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यातच खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर फलंदाज घडतो म्हणतात, ते खरेच असेल. पण मैदानाजवळ राहणाऱ्या फलंदाजाने घरी परत जाणे आणि बदलापूरच्या फलंदाजाने परत जाणे, यांत फरक आहे.)

"मोठी धावसंख्या कर, मग बघतील," हा दुसरा उपदेश. याची परीक्षा आपल्या शेजारीच होऊन गेली. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणला भंडारी कप या आंतरशालेय स्पर्धेत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. वय वर्षे पंधरा, वडील रिक्षाचालक. इंग्लंडमधील क्लिफ्टन कॉलेजच्या ए. ई. जे. कॉलिन्सने १८९९ मध्ये केलेल्या नाबाद ६२८ धावांचा विक्रम ११६ वर्षांनी मोडला तो इथे, आपल्यापासून दोन-तीन स्टेशनांवर. १२९ चौकार आणि ५९ षटकार. स्कोअररच्या सवयीने मी हिशेब केला: चौकार-षटकारांच्या धावा ८७०, उरलेल्या १३९ पळून काढलेल्या. संघाच्या धावा ३ बाद १४६५. समोरचा आर्य गुरुकुलचा संघ ३१ आणि ५२ धावांत बाद झाला.

पहिल्या दिवसअखेर प्रणव नाबाद ६५२ होता. दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती कॅमेरे लागले. सचिन तेंडुलकरने स्वाक्षरी केलेली बॅट पाठवली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. यापेक्षा अधिक 'दिसणे' कोणाच्या नशिबी आले असेल? आणि २०१७ साली त्याच्या वडिलांनीच असोसिएशनला कळवले, की अपेक्षेप्रमाणे खेळ होत नाही, ही शिष्यवृत्ती थांबवावी. त्या माणसाचा प्रामाणिकपणा मला त्या हजार धावांइतकाच मोठा वाटतो.

काय चुकले? समोरची मुले वयाने लहान होती, एका बाजूची सीमारेषा जवळ होती, झेल सुटले, असे वर्तमानपत्रांतून तेव्हाच छापून आले होते. ते सर्व मान्य केले तरी दोन दिवस उभे राहून हजार धावा करायला पाय लागतात, चित्त लागते. परंतु १००९ हा आकडा त्या मुलाविषयी फारसे काही सांगत नव्हता. तो चांगल्या गोलंदाजीपुढे कसा उभा राहतो, दोनदा शून्यावर बाद झाल्यावर तिसऱ्या डावाला कसा येतो, हे आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी कोणीतरी आधीची दोन-तीन वर्षे कल्याणच्या मैदानावर उभे असायला हवे होते. कॅमेरे आले ते ६५२ झाल्यावर.

याउलट विरारच्या पृथ्वी शॉचे पाहा. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्याने ५४६ धावा केल्या, म्हणजे हजाराच्या जेमतेम निम्म्या. पण त्या आझाद मैदानावर केल्या. शिवाय विरारहून लोकलने वांद्र्याला सरावाला जाणाऱ्या या मुलाला मुंबईतली जाणती मंडळी आधीपासून ओळखत होती. आकड्याने ओळख करून दिली नाही, ओळखीवर शिक्का मारला. २०१८ मध्ये तो एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या भारतीय संघाचा कर्णधार झाला. पुढे त्याचे काय झाले हा निराळा विषय आहे.

आपल्या बाजूचे जे खेळाडू वर गेले त्यांच्या हकीकती वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: कोणी पाहिले, आणि कोठे? रोहित शर्माचे आईवडील डोंबिवलीला एका खोलीत राहत. मुलगा आजी-आजोबांकडे बोरिवलीला वाढला. तिथे दिनेश लाड यांनी त्याला ऑफस्पिन टाकताना पाहिले, आपल्या शाळेत ये म्हणाले आणि फी माफ करून घेतली. तो डोंबिवलीलाच राहिला असता तर? पालघरच्या शार्दूल ठाकूरला याच लाडसरांनी बोरिवलीच्या शाळेत आणले आणि स्वतःच्या घरी ठेवून घेतले. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे मात्र डोंबिवलीतच वाढला. त्याची आई एका हाताशी धाकटे मूल आणि दुसऱ्या हातात किटबॅग घेऊन चालत मैदानापर्यंत जात असे, कारण रिक्षाला पैसे नसत. वडिलांनी लहानग्या अजिंक्यला लोकलने एकट्याने जायला सांगितले, आणि स्वतः पाठच्या डब्यात बसून मुलगा नीट उतरतो का ते पाहत राहिले. हे सारे वाचताना मला क्रिकेटपेक्षा तो पाठचा डबाच जास्त आठवतो.

कल्याणच्या तुषार देशपांडेची गोष्ट तर आमच्या संघात सर्वांना पाठ आहे. २००७ मध्ये तो शिवाजी पार्क जिमखान्याच्या चाचणीला फलंदाज म्हणून गेला. फलंदाजांची रांग लांबलचक होती, गोलंदाजांची आखूड. घरी परतायला उशीर होईल म्हणून तो आखूड रांगेत उभा राहिला. टाकलेले चेंडू पद्माकर शिवलकरांनी पाहिले. जुलै २०२४ मध्ये तुषार हरारेला भारताकडून खेळला. मुले ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगतात. मला त्यात रांगेपेक्षा शिवलकर मोठे दिसतात. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज एकही कसोटी खेळला नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते आणि जागा एकच होती. मार्च २०२५ मध्ये ते वारले. "गुणवत्ता दिसतेच" म्हणणाऱ्या आमच्या सरांना मी शिवलकरांचे नाव सांगितले, तेव्हा सर थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "त्यांना सर्वांनी पाहिले होते रे." तेही खरेच. पाहिल्याने सगळेच मिळते असे नाही. पण असा माणूस म्हातारपणी कोवळ्या पोरांचे चेंडू पाहायला मैदानावर येऊन उभा राहतो, ही मुंबईची खरी श्रीमंती. आणि ती दादरपर्यंतच आहे.

आता आमच्या एका मित्राविषयी. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. उल्हासनगरला चार नंबरात राहतो. घरी जीन्सच्या शिलाईचे काम चालते. रात्री तो गठ्ठे बांधतो आणि सकाळी गोलंदाजी करतो. गेल्या मोसमात सात सामन्यांत त्याचे १९ बळी झाले. शिवाय त्याच्या गोलंदाजीवर नऊ झेल सुटले. स्कोअरबुकात सुटलेल्या झेलाला रकाना नसतो म्हणून ते मी समासात लिहून ठेवले आहेत. हा मुलगा मागच्या मे महिन्यात एका 'टॅलेंट हंट'ला गेला. नोंदणीचे पैसे भरले, पाठीवर क्रमांक असलेला टी-शर्ट मिळाला, तीन तास उन्हात रांगेत उभा राहिला आणि सहा चेंडू टाकले. तिसरा वाइड गेला. टेबलामागचे गृहस्थ त्या वेळी फोनवर बोलत होते. आठवड्याने सहभागाचे प्रमाणपत्र आले. ते त्याने मला दाखवले आणि विचारले, "यात माझे किती बळी लिहिलेत रे?"

पैसे भरून दिसण्याची ही पद्धत आली कोठून, ते पाहू गेलो तर वाट अमेरिकेच्या बेसबॉलपर्यंत गेली. तिथे महाविद्यालयांच्या संघांत जागा मिळावी म्हणून शाळकरी मुलांच्या प्रदर्शनवजा स्पर्धा भरतात. पालक पैसे भरतात, रडारच्या यंत्राने चेंडूचा वेग मोजतात, आणि महाविद्यालयांचे प्रशिक्षक कठड्याबाहेर वह्या घेऊन बसतात. शिष्यवृत्त्या तरी किती? पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयाला २०२५ पर्यंत अख्ख्या बेसबॉल संघासाठी ११.७ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्यांचेच तुकडे करून वाटायच्या. आता ती मर्यादा जाऊन संघात ३४ खेळाडूंची मर्यादा आली आहे. २००८ मध्ये तिथल्या लोकांनी भारतातही रडार आणले होते. सर्वांत वेगाने चेंडू फेकणारे म्हणून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करारही केला. दोघेही खालच्या लीगमध्येच राहिले. हात यंत्राने शोधला, खेळ यंत्राला दिसला नाही. तरी एक गोष्ट त्या लोकांकडून घेण्यासारखी आहे: कठड्याबाहेर वही घेऊन बसलेला माणूस तिथे खरोखर असतो. आपण टी-शर्ट आणि पावती तेवढी उचलली.

कोणी म्हणेल, आपल्याकडे पाहणारे कमी आहेत का? शनिवारी रात्री बदलापूरच्या आसपासच्या कोणत्याही गावात जा. दिवे लावून टेनिस बॉलचे सामने चालू असतात, यूट्यूबवर प्रक्षेपण, मालिकावीराला मोटारसायकल, आणि समालोचक असा की चेंडूपेक्षा त्याचाच वेग जास्त. २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये टेनिस बॉलची इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगही सुरू झाली, त्यात खेळाडूंना चांगले पैसे मिळतात. मी त्याला नावे ठेवत नाही. घरी कर्ज असलेल्या मुलाने मोटारसायकल का सोडावी? पण टेनिसवर हजारोंना दिसलेला मुलगा सीझन बॉलच्या निवड समितीला दिसतोच असे नाही. तिथे दिसायचे तर पुन्हा तीच पहाटेची लोकल.

म्हणून माझे म्हणणे असे, की मुलाला वर्षातून एकदा सहा चेंडूंसाठी तिकडे पाठवण्याऐवजी पाहणाऱ्याला मोसमातून चार वेळा इकडे आणले पाहिजे. असोसिएशनने आणि विद्यापीठाने आपला माणूस कल्याणच्या पुढे पाठवावा, हे मागावेच लागेल, आणि आपल्या तिन्ही गावांतल्या महाविद्यालयांनी मिळून मागितले तर त्याला वजन येईल. पण तोवर हात बांधून बसायचे कारण नाही. अंबरनाथ-बदलापूरला निवृत्तीनंतर घर घेतलेले किती तरी जुने क्लब क्रिकेटपटू आहेत. कोणी रेल्वेकडून खेळलेले, कोणी बँकेकडून. सकाळी बाजारात पिशवी घेऊन दिसतात. त्यांना मुंबईत ओळखतात, आपण ओळखत नाही. त्यांच्यापैकी एकाने जरी सलग चार सामने पाहिले आणि दादरला एक फोन केला, तर तो टेबलामागच्या फोनपेक्षा बरा.

आणि आपण तरी कोठे असतो? गेल्या डिसेंबरातल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्याला आपल्या बाजूने अकरा खेळाडू, दोन राखीव, सर आणि मी इतकेच होतो. त्याच दिवशी कँटीनमध्ये बसायला जागा नव्हती म्हणे.

या मुद्द्यावर मी जिमखाना समितीला अर्ज दिला होता. समितीने सीमारेषेबाहेर स्कोअररच्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवायला आणि येणाऱ्या पाहुण्यांना चहा द्यायला मंजुरी दिली आहे. एका निवृत्त गृहस्थांकडे दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा ते "पाहू" म्हणाले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारले, "तो समासात झेल लिहिलेला पोरगा किती वाजता गोलंदाजी करतो?" मी सांगितले, नव्या चेंडूवर, साडेनऊला.