फुकट रिपोर्टला कार्ड नंबर कशाला?

यंदाच्या दिवाळी अंकासाठी एक पूर्ण पानाची जाहिरात आली आहे. "तुमचा क्रेडिट रिपोर्ट मोफत!" असा ठळक मथळा आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत पुढची कथा: सात दिवसांनंतर आपल्या कार्डावर दरमहा २९ डॉलर ९५ सेंट. पानाचे अडीचशे डॉलर आले तर झेरॉक्सचा खर्च सुटेल, हे कार्यकारिणीतल्या काहीजणांचे म्हणणे खोटे नाही. तरीही आम्हां काही कार्यकर्त्यांचे मत आहे की ही जाहिरात घेऊ नये.

क्रेडिट रिपोर्ट ही या देशातली आपली पत्रिका. घराचे कर्ज, गाडीचे कर्ज, अपार्टमेंटचा करार, क्वचित नोकरीसुद्धा. आधी पत्रिका पाहिली जाते. ती मांडतात इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या, बँकांनी कळवलेल्या माहितीवरून आणि आपल्याला न विचारता. मग आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचायला आपण पैसे का मोजावेत? २००३ साली अमेरिकन काँग्रेसने कायदाच केला की प्रत्येकाला तिन्ही कंपन्यांकडून वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळावा. २०२० मध्ये कोविडच्या काळात या कंपन्यांनी तो दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये ती सवलत कायम केली.

कायद्याने ठरवून दिलेली जागा एकच: ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम. फोन १-८७७-३२२-८२२८. तिथे नाव, पत्ता, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. ओळख पटवायला जुना पत्ता किंवा कर्जाचा हप्ता विचारतात. कार्डाचा नंबर लागत नाही. वाटेत "स्कोअर हवा का, देखरेख हवी का" अशी विचारणा होते, तिथे नको म्हणून पुढे जावे. कार्ड नंबर मागितला तर आपण चुकीच्या दारात उभे आहोत असे खुशाल समजावे. मिळत्याजुळत्या नावांचा हा धंदा जुना आहे. २००५ साली फेडरल ट्रेड कमिशनने एक्सपीरियनच्याच एका उपकंपनीवर कारवाई केली होती: फुकट रिपोर्ट म्हणून बोलवायचे आणि नीट न सांगता वर्षाला ७९ डॉलर ९५ सेंटच्या सेवेत अडकवायचे. साडेनऊ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटले. आमच्या मंडळातल्या एका कुटुंबाने अशाच एका सेवेला चौदा महिने पैसे भरले. हिशेब केला तर चारशेवर डॉलर जातात, आणि रिपोर्ट त्यांनी एकदाच उघडला होता.

या फुकट रिपोर्टात स्कोअर नसतो, अशी तक्रार येते. आपल्या लोकांना आधी मार्क किती पडले ते हवे असते! स्कोअर हल्ली बऱ्याच बँका आणि कार्ड कंपन्या आपल्या खातेदारांना फुकट दाखवतात. पण चूक असते ती रिपोर्टात, आणि दुरुस्तही तिथेच करावी लागते. फेडरल ट्रेड कमिशनच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाचातल्या एका माणसाच्या किमान एका रिपोर्टात चूक सापडली होती.

आपल्याकडे तर नावांचा घोळ पाचवीला पुजलेला. मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे. कोणाचे आडनाव बदललेले, कोणाचे नावही. स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि बँकेत दुसरे. एकाच गावात दोन एस. कुलकर्णी असले की एकाचे थकलेले बिल दुसऱ्याच्या पत्रिकेत जाऊन बसू शकते. तसे दिसले तर कागदपत्रांच्या प्रती जोडून त्या कंपनीला लेखी कळवावे. तिला साधारण ३० ते ४५ दिवसांत चौकशी करावी लागते. यालाही पैसे पडत नाहीत. आपला रिपोर्ट आपणच पाहिल्याने स्कोअर खाली येत नाही, ही भीती सोडून द्यावी.

आणि नवऱ्याचा रिपोर्ट पाहिला म्हणजे घराचा पाहिला, असे नाही. नवराबायकोची पत्रिका वेगळी असते. परिचयातल्या एका भगिनीला पतीच्या निधनानंतर, अठरा वर्षे इथे काढून, लहानसे अपार्टमेंट भाड्याने मिळेना. सगळी खाती आणि कर्जे एकट्या पतीच्या नावावर होती. वहिनींनी आणि काकूंनी आपापला रिपोर्ट स्वतः मागवावा. कोरा निघाला तर स्वतःच्या नावावर एखादे कार्ड आजच घ्यावे.

"महिन्याला तीस डॉलरने मनाला शांतता मिळते," असे एका ज्येष्ठ सभासदांनी ऐकवले. शांतताच हवी तर तिन्ही कंपन्यांकडे आपली फाइल गोठवून ठेवता येते, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्याला कर्ज काढणे अवघड होते. सप्टेंबर २०१८ पासून तेही देशभर फुकट आहे. कर्ज घ्यायच्या वेळी तेवढी फाइल मोकळी करायची.

झेरॉक्सच्या अडीचशे डॉलरसाठी वर्गणी दोन डॉलरने वाढवावी असे आम्ही सुचवले आहे. सर्वसाधारण सभेत हात वर करून सांगा. दिवाळीच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशेजारी मागणीचे छापील फॉर्म ठेवू. ज्यांना कॉम्प्युटरचा कंटाळा आहे त्यांनी ते घरी नेऊन भरावेत आणि पाकीट स्वतः पोस्टात टाकावे. आपला सोशल सिक्युरिटी नंबर आम्हालाही दाखवू नये.