कुत्र्यालाही एक वाट हवी

‘कुत्रा हा इमानी प्राणी आहे’ हे वाक्य ज्याने लिहिले नाही असा विद्यार्थी मराठी शाळेत आजवर झाला नसेल. मीही गेली कित्येक वर्षे त्या वाक्याखाली तांबड्या शाईने बरोबरची खूण करीत आलो आहे. पुढचा निबंध ठरल्याप्रमाणे जातो. कुत्रा घर राखतो, चोर आला की भुंकतो, शिळ्या भाकरीवर दिवस काढतो. कुत्रा आपल्यासाठी काय काय करतो याची यादी दीड पान भरते. आपण त्याच्यासाठी काय करतो याला एक ओळही मिळत नाही. आणि मुलांनी लिहावे तरी काय? फाटकाच्या आत दोन हात साखळीला तो जन्मभर बांधलेला असतो, हे लिहावे?

यवतमाळात हल्ली घराची वास्तुशांत झाली की महिन्याभरात ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी लागते. मग पाटीला शोभेल असा कुत्रा आणतात. कोणी जर्मन शेफर्ड आणतो, कोणी लॅब्राडोर. आणि ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो, तिथे सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढण्यासाठी जन्मलेला हस्की आणणारे सद्गृहस्थही आहेत. मालकाने हौसेने आणले, मुलांनी आठ दिवस मिरवले, नवव्या दिवशी तो साखळीला गेला. त्याला फिरवण्याचे काम घरगड्याकडे, आणि फिरवणे म्हणजे कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत नेऊन परत आणणे!

वस्तुतः कुत्रा हा चालणारा प्राणी आहे. त्याला नाकाने वाचायला रान हवे. आपल्या जिल्ह्यात सागाचे जंगल आहे, पाण्याकाठच्या जागा आहेत, शेताशेतांमधून गेलेल्या पांदणी आहेत. समुद्र तेवढा नाही. माझे म्हणणे एवढेच की या जिल्ह्यात माणसाला आपल्या कुत्र्यासह चालता येईल अशा काही वाटा ठरवून द्याव्यात, आणि कुत्र्याचे पाऊल कोठे पडता कामा नये हेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहून ठेवावे. दोन्ही गोष्टी एकदम व्हायला हव्यात. आज यांतली एकही धड नाही, आणि त्याचे भोग कुत्राही भोगतो, रानही भोगते, गरिबाचे पोरही भोगते.

आपल्या धर्माचा आणि कुत्र्याच्या चालण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. महाभारत उघडून पाहावे. आदिपर्वाच्या आरंभीच जनमेजयाचे भाऊ यज्ञमंडपात आलेल्या एका पिल्लाला बडवतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, साधे पाहिलेलेही नसते. त्याची आई सरमा भर सत्रात येऊन जाब विचारते, आणि कोणी उत्तर देत नाही तेव्हा ‘तुमच्यावर न दिसणारे भय येईल’ असा शाप देऊन जाते. ग्रंथाच्या शेवटी द्रौपदी पडते, भाऊ पडतात आणि धर्मराजाबरोबर हिमालय चढून जातो तो एक कुत्रा. त्याला सोडून रथात बसायला धर्मराज तयार होत नाही. आणि यवतमाळकरांना तर एवढे लांब जाण्याचेही कारण नाही. पैनगंगा ओलांडली की माहूर. दत्तशिखरावर हात जोडणाऱ्या प्रत्येकाच्या घरातल्या तसबिरीत दत्तगुरूंच्या पायांशी चार कुत्री आहेत. त्यांना आपण चार वेद म्हणतो आणि तसबिरीबाहेरच्या पाचव्याला दगड मारतो.

परंतु मला दगड मारणाऱ्यांशी जेवढे भांडायचे आहे तेवढेच लाड करणाऱ्यांशीही भांडायचे आहे. गेल्या काही वर्षांत एक नवी हौस आली आहे. रविवारी मोटारीत कुत्रा घालायचा, निळोण्याला किंवा पावसाळ्यात थेट सहस्रकुंडाच्या धबधब्यापर्यंत जायचे, पट्टा सोडायचा आणि तो धावू लागला की छायाचित्रे काढायची. कुत्रा बगळ्यांमागे धावतो, शेळ्यांच्या कळपात शिरतो, कुणाच्या डब्यात तोंड घालतो. मालक लांबून ओरडतो, ‘घाबरू नका, तो काही करत नाही!’ हे वाक्य उच्चारणाऱ्याला एकदा तरी शेळ्या राखणाऱ्या बाईच्या जागी उभे करावे असे मला फार वाटते. विचारले तर सांगतात, परदेशात अशाच पद्धतीने फिरतात.

परदेशात कसे फिरतात ते तरी नीट पाहू. अमेरिकेतले यलोस्टोन हे १८७२ साली राखलेले जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान. तिथल्या पायवाटांवर कुत्र्याला बंदी आहे; मोटारीचा रस्ता आणि वाहनतळ यांच्या आसपासच, तेही दोरीने बांधून, त्याला राहता येते. त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, मेन राज्यात, अकेडिया नावाचे उद्यान आहे. रान, तळी आणि समुद्रकाठचे कडे असे तिन्ही तिथे एकत्र. तिथे सुमारे शंभर मैल पायवाटा कुत्र्यांना मोकळ्या आहेत. मात्र दोरी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. शिड्या लावलेल्या अवघड चढणी वर्ज्य. उन्हाळ्यात सँड बीचच्या पुळणीवर बंदी. आणि बहुतेक तळ्यांचे पाणी गावांना पिण्यासाठी जाते म्हणून त्यांत कुत्र्याला पोहू देत नाहीत. एकाच देशाचे हे दोन कायदे, कारण दोन्ही जागा निराळ्या आहेत. आपल्या हौशी मंडळींनी तिकडून कुत्रा आणला, त्याचा पट्टा आणला, त्याचा डब्यातला खाऊ आणला. तिथली पाटी तेवढी आणायची राहिली. निळोणा आणि चापडोह यांचे पाणी यवतमाळ पिते, ही गोष्ट काठावर कुत्रा पोहवणाऱ्याला ठाऊक नसते असे थोडेच आहे!

आता टिपेश्वरविषयी. पांढरकवडा आणि घाटंजी या तालुक्यांतले हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. जेमतेम दीडशे चौरस किलोमीटरचे. ‘आमच्या कुत्र्याला वाघाचे रान दाखवू द्या’ असे म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. त्यांना माझे उत्तर स्वच्छ नाही असे आहे. वाघ कुत्र्याला खाईल ही भीती त्यात कमी, कुत्रा वाघाला मारील ही भीती जास्त. हसू नये. कुत्र्याला ‘डिस्टेंपर’ नावाचा रोग होतो. त्याचा विषाणू श्वासातून, लाळेतून पसरतो आणि मोठ्या मार्जारांनाही गाठतो. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या रोगाने सुमारे एक हजार सिंह, म्हणजे तिथल्या सिंहांपैकी एक-तृतीयांश, मेले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या गीरमध्ये तीन आठवड्यांत २३ सिंह गेले आणि त्यांतल्या काहींच्या शरीरात हाच विषाणू सापडला.

शिवाय अभयारण्याची हद्द कागदावर असते, वाघाच्या पायात नसते. टिपेश्वरच्याच एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ-पट्टा बांधला. (पट्टा त्याच्याही गळ्यात होता, पण साखळी नव्हती.) जूनमध्ये तो निघाला, शेते, नाले, सडका ओलांडीत, तेलंगणात डोकावून, डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याचे चालणे १३०० किलोमीटर झाले होते. या वाटेवर किती गावांची कुत्री त्याच्यावर भुंकली असतील याचा हिशेब कोण ठेवणार? म्हणजे नुसत्या फाटकावर पाटी लावून भागत नाही. फाटकाबाहेरच्या गावातला कुत्रा निरोगी हवा.

आणि इथेच सरकारच्या कायद्याची मौज आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एक कलम आहे: अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या पशुधनाला संसर्गजन्य रोगांची लस टोचण्याची व्यवस्था वनखात्याने करावी. कलम उत्तम आहे. पण पशुधन म्हणजे काय हे सांगताना कायद्याने म्हैस, गाय, बैल, उंट, गाढव, शेळी, मेंढी, घोडा, खेचर, याक, डुक्कर, बदक, हंस आणि कोंबडी अशी नावे घेतली आहेत. याक! पांढरकवड्याच्या बाजारात याक कधी उतरला होता कोण जाणे. त्या यादीत नाव नाही ते फक्त कुत्र्याचे. पोडावरच्या कोलामाबरोबर आणि तांड्यावरच्या गुराख्याबरोबर जो रोज रानाच्या कडेपर्यंत जातो, तोच नेमका कायद्याला दिसला नाही.

संकट आले म्हणजे मात्र आपल्याला कुत्र्याची आठवण होते. राळेगाव-पांढरकवड्याच्या टापूत तेरा माणसांचे बळी घेतल्याचा ठपका असलेली टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणू लागले, तिच्या शोधासाठी २०१८ साली हत्ती आणले, आकाशातून टेहळणी केली आणि केन कोर्सो जातीची इटालियन कुत्रीही आणली. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ ती गोळीने मेली. त्या सगळ्या खटाटोपाबद्दल दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी त्यात भर घालीत नाही. मला एवढेच विचारायचे आहे की इटालियन कुत्र्याला विदर्भाचे रान दाखवण्याची सोय जर चार दिवसांत होते, तर गावच्या कुत्र्याला लस टोचण्याची सोय वर्षानुवर्षे का होत नाही?

इथे एक आक्षेप येणार, आणि तो मी टाळणार नाही. ‘पोडावर जायला माणसाला धड रस्ता नाही, पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवरून आणावे लागते, कापसाला भाव नाही, शेतकरी गळफास घेतो, अशा जिल्ह्यात हे मास्तर कुत्र्यांसाठी वाटा मागतात!’ आक्षेपात दुःख खरे आहे, तर्क खोटा आहे. कुत्रा चावतो कोणाला? मोटारीत बसणाऱ्याला नव्हे. अनवाणी शाळेत येणाऱ्या पोराला चावतो, पहाटे कापूस वेचायला निघालेल्या बाईला चावतो. संशयित पिसाळलेल्या जनावराने चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के मुले पंधरा वर्षांखालची असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाश्चरने १८८५ साली ज्याला पहिली लस टोचली तो जोसेफ माइस्टरही नऊ वर्षांचाच होता. चावल्याबरोबर जखम पंधरा मिनिटे साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हे अजून किती घरांत ठाऊक आहे? रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मग जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून कुत्र्याच्या वाटेची माझी पहिली अट लसीची आहे. ज्याच्या कुत्र्याला रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्हींची लस दिली आहे त्यालाच ती वाट मोकळी. आणि त्या वाटेवरच्या गावांतल्या सगळ्या कुत्र्यांना लस फुकट. शहरातल्या हौशी माणसाकडून त्यासाठी दहा-वीस रुपये प्रवेशशुल्क घ्या. हस्की बाळगणाऱ्याला ते जड जाणार नाही.

वाटा कोणत्या, हे वनखात्याने आणि ग्रामसभांनी बसून ठरवावे. जिथे वाघाचा वा बिबट्याचा वावर असेल तिथे नकोच. बिबट्याला कुत्र्याइतके सोपे भक्ष्य दुसरे नाही, आणि कुत्र्याच्या मागावर तो घरापर्यंत येतो. पण दिग्रसला अरुणावतीचा काठ आहे, बाभूळगावकडे बेंबळा आहे, पुसदला पूस आहे. पाण्यापासून थोडे दूर राहून जाणारी एकेक कोसाची वाट तिथे आखता येईल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, सकाळच्या वेळी. दोरी हातात, विष्ठा उचलण्याची पिशवी खिशात. पाटी मराठीत लिहावी, आणि पोडाजवळ असेल तर कोलामीतही. गुराख्याच्या कुत्र्याला मात्र दोरीचा नियम लावू नये. तो फिरायला येत नाही, कामावर येतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा वसुबारसेला गाईची पूजा झालेली असेल. नेपाळात आपल्या नरकचतुर्दशीलाच कुत्र्याची पूजा करतात. पाळलेल्याच नव्हे, रस्त्यावरच्याही कुत्र्याच्या कपाळी टिळा लावतात, गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड खाऊ घालतात. त्याच पहाटे आपल्याकडे काही पोरे त्याच्या शेपटीला फटाक्यांची माळ बांधतात आणि बाप ओटीवरून हसत बघतो. आपला घरातला कुत्रा त्या वेळी पलंगाखाली थरथरत असतो. वाटा आखल्या जातील तेव्हा जातील. पाडव्याच्या सकाळी आवाज जरा ओसरला की त्याला बाहेर काढा, पट्टा घाला आणि घरगड्याला न पाठवता स्वतः, मुलांना घेऊन, गावाबाहेरच्या पांदणीने तासभर चाला. कापूस फुटलेला असेल, तूर फुलावर आली असेल. पांदण अजून तरी कोणी बंद केलेली नाही.