मध्यम गुणांचे मूल आणि लहान समाज

मे महिन्यात बारावीचे निकाल लागतात आणि दिल्लीतील मराठी घरांतून एकच चर्चा सुरू होते. कोणाला किती टक्के, कोणाचे कोठे जमणार, कोणाच्या ओळखीने कोणते महाविद्यालय मिळेल, ह्यापलीकडे दुसरा विषय त्या दिवसांत उरत नाही. अशाच एका उन्हाळ्यात माझ्या परिचयाचे एक बेने इस्राएल गृहस्थ मुलाची गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आले. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांची नोकरी. घरात अजून कुलाब्याकडची मराठी बोलली जाते. मुलाला ६२ टक्के गुण होते. चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, दुसऱ्या कोणाच्या मुलाला एवढे गुण मिळाले असते तर ते मूल गर्दीत मिसळून गेले असते. आमची गर्दीच नाही."

त्या वाक्याने मला विचारात पाडले. मध्यम गुणांच्या मुलासाठी योग्य महाविद्यालय शोधणे हे सर्वच पालकांचे काम आहे. परंतु ज्या समाजाची माणसे एका शहरात हाताच्या बोटांवर मोजता येतील, त्या समाजातील पालकाला ते निराळ्या रीतीने करावे लागते. ते कसे करावे ह्याविषयी माझे मत येथे मांडीत आहे.

दिल्लीतील ज्यू समाज किती लहान आहे हे ज्यांनी हुमायून रोडवरील त्यांचे प्रार्थनास्थळ पाहिले असेल त्यांना सांगावयास नको. १९५६ साली बांधलेले 'जुडा हॅयम हॉल' हे एका खोलीचे देऊळच म्हणावे असे आहे, शेजारी दफनभूमी. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुषांचा मिन्यान लागतो. तेवढी संख्या भरण्यासाठी येथे पुष्कळदा दिल्लीत आलेल्या परदेशी पाहुण्यांची वाट पाहावी लागते. कोकणात तेल गाळण्याचा धंदा करणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' ह्या नावाने ओळखले गेलेले, पेणकर, रोहेकर, नागावकर अशी आपल्या गावांची नावे लावणारे हे लोक मुंबई-पुण्याहून सरकारी नोकरीच्या निमित्ताने राजधानीत आले. १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. आज साऱ्या देशात ज्यूंची संख्या चारपाच हजारांच्या घरात आहे.

अशा समाजाला आपल्या थोर व्यक्तींची नावे पुनःपुन्हा घ्यावीशी वाटावीत हे स्वाभाविक आहे. कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड, इंग्रजी कवितेत स्वतःचे स्थान निर्माण करणारे व १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणारे निस्सिम इझिकेल, नौदलातील ॲडमिरल सॅमसन, आणि कलकत्त्याच्या बगदादी कुटुंबातील, १९७१ च्या युद्धात नाव मिळविलेले लेफ्टनंट जनरल जेकब, ज्यांचे दफन २०१६ साली ह्याच दिल्लीत झाले. अभिमान बाळगावा अशीच ही नावे आहेत. परंतु समाजाबाहेरची माणसे समाजाला केवळ ह्या नावांनी ओळखू लागली, आणि समाजही स्वतःला त्यांच्याच मापाने मोजू लागला, की ६२ टक्क्यांच्या मुलाची पंचाईत होते. तो वर्गात एकटाच ज्यू असतो. 'तुम्ही लोक फार हुशार असता' हे वाक्य त्याने शिक्षकांकडून, शेजाऱ्यांकडून, मित्रांच्या आईवडिलांकडून ऐकलेले असते. हे वाक्य निंदेचे नाही; पण त्याच्या पाठीवर ते ओझ्यासारखे बसते. आपण नापास झालो नसून आपल्या समाजाला उणेपणा आणला, असे त्याला वाटू लागते.

वस्तुतः बेने इस्राएलांचा इतिहास पाहिला तर तो प्रामुख्याने सामान्य गुणांच्या, कष्टाळू माणसांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात ह्या समाजाने पलटणीत, रेल्वेत, डाकखात्यात, दवाखान्यांत, शाळांतून नोकऱ्या केल्या. कारकून, सुतार, परिचारिका, मास्तर ह्यांच्या पगारावर मुंबईतील मशिदी उभ्या राहिल्या (मशीद हा त्यांचा सिनेगॉगसाठीचा जुना मराठी शब्द). हाईम सॅम्युएल किहिमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी ह्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ती शाळा निवडक बुद्धिमान मुलांसाठी नव्हती. ज्याला मराठी धड लिहिता येत नाही, ज्याच्या बापाला फी परवडत नाही, त्याला उभे करण्यासाठी ती होती. पुढे, १९६० नंतरच्या दशकात, 'ओ.आर.टी.' ह्या ज्यू संस्थेने मुंबईत धंदेशिक्षण सुरू केले. ही संस्था मूळची रशियातील, १८८० साली स्थापन झालेली; हाताच्या कसबावर माणूस ताठ उभा राहू शकतो हा तिचा विश्वास. म्हणजे मध्यम गुणांच्या मुलाचे काय करावे, ह्या प्रश्नाचे उत्तर समाजाने पूर्वी दोनदा दिलेले आहे, आणि दोन्ही वेळा ते संस्था काढून दिलेले आहे.

दिल्लीत तशी संस्था नाही, आणि एवढ्या थोड्या घरांना ती काढता येणारही नाही. येथे शिखांची खालसा महाविद्यालये आहेत, ख्रिस्ती समाजाचे १८८१ पासूनचे सेंट स्टीफन्स आहे, जामिया मिल्लिया आहे. त्या त्या समाजाच्या विद्यार्थ्याला तेथे काही जागा राखीव मिळतात. ज्यू विद्यार्थ्याला असे दार नाही. केंद्र सरकारच्या अल्पसंख्याकांच्या यादीत मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन असे सहा समाज आहेत. ज्यू त्यांत नाहीत. महाराष्ट्राने २०१६ साली आणि गुजरातने २०१८ साली त्यांना आपापल्या राज्यापुरता अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. पण त्या दर्जाचा लाभ त्या राज्यांच्या सीमेबाहेर मिळत नाही. ठाण्याच्या मुलाला जो दाखला मिळू शकतो, तो त्याच्या दिल्लीतील चुलतभावाला उपयोगी पडत नाही. देशातील अगदी लहान समाजांपैकी एक त्या यादीबाहेर राहावा, ही विसंगती दूर झाली पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

ह्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रशियात झारच्या सरकारने १८८७ साली ज्यू विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर टक्केवारीचे बंधन घातले; अमेरिकेत १९२२ साली हार्वर्डच्या अध्यक्षांनी तशीच मर्यादा सुचविली, आणि ती उघडपणे मान्य झाली नाही तरी आडमार्गाने पुढे अमलात आली. तेथे ज्यू पालकाची तक्रार मुलाला चांगले गुण असूनही दार बंद होते अशी होती. हिंदुस्थानात असे दार कोणी बंद केले नाही. उलट जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले, आणि पुढे मुंबई विद्यापीठात हिब्रू हा परीक्षेचा विषय झाला. आमच्या येथे ज्यू विद्यार्थ्याला वैरी नाही, तसा वाटाड्याही नाही. त्यामुळे वाटाड्याचे काम सगळे आईबापांवर येते.

हे काम पालकांनी कसे करावे? पहिली गोष्ट, महाविद्यालयाचे नाव नंतर आणि मुलाचा विषय आधी. दिल्लीत हा क्रम उलटा झाला आहे. २०२१ साली काही महाविद्यालयांत काही अभ्यासक्रमांची पहिली यादी शंभर टक्क्यांवर अडकली, तेव्हा हा वेडेपणा सर्वांना दिसला. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे नियमित प्रवेश सामाईक प्रवेश परीक्षेने होऊ लागले. ह्या बदलाचे दोष काही असोत, बारावीत ६२ टक्के मिळालेल्या मुलाला त्याने एक दुसरी संधी दिली, हे मान्य केले पाहिजे. त्या परीक्षेच्या भाषांत मराठीही आहे. घरात मराठी जिवंत असलेल्या मुलाने हा पर्याय निदान विचारात घ्यावा.

दुसरी गोष्ट पत्त्याची. दिल्ली सरकारच्या आंबेडकर विद्यापीठात आणि द्वारकेच्या इंद्रप्रस्थ विद्यापीठात ८५ टक्के जागा दिल्लीतील शाळांतून उत्तीर्ण झालेल्यांसाठी असतात. नोएडा किंवा गुडगाव येथे घर स्वस्त मिळाले म्हणून तिकडे गेलेल्या कुटुंबातील मूल तेथल्याच शाळेत बारावी झाले, तर ह्या जागा त्याच्या हातून जातात. मध्यम गुणांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरू शकतो, आणि तो अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच ध्यानात घ्यावयाचा असतो.

तिसरी गोष्ट प्रतिष्ठेची. विद्यापीठाच्या मुक्त शिक्षण विभागाचे, १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचे, किंवा मुलींच्या अनियमित शिक्षण मंडळाचे नाव काढले की पालकांचे चेहरे उतरतात. ते का उतरावेत हे मला कळत नाही. मुलींच्या मंडळातून मिळणारी पदवी दिल्ली विद्यापीठाचीच असते. पूसा येथील हॉटेल व्यवस्थापनाची संस्था, तंत्रनिकेतने, २०२० साली सुरू झालेले दिल्ली कौशल्य विद्यापीठ हे हलके मार्ग नव्हेत. ज्या समाजाने धंदेशिक्षणाला मान दिला त्याने तरी त्यांना हलके म्हणू नये. कर्ज काढून सोनिपत किंवा नोएडा येथील एखाद्या खाजगी विद्यापीठाची फी भरण्यापूर्वी एवढेच विचारावे की, हा खर्च मुलाच्या शिक्षणासाठी आहे की आपली मान ताठ राहावी म्हणून आहे.

चौथी गोष्ट शनिवारची, आणि ती केवळ ह्याच समाजाची आहे. शब्बाथच्या दिवशी लिहिणे निषिद्ध. प्रवेश परीक्षेचा दिवस उमेदवाराच्या हाती नसतो. महाविद्यालयांत शनिवारी तास आणि प्रात्यक्षिके असू शकतात. बहुतेक घरांनी ह्यात तडजोड स्वीकारली आहे; काहींनी नाही. दोन्ही निर्णयांचा मी आदर करतो. मात्र निर्णय आईबापांनी मुलाला विश्वासात घेऊन आधी करावा. परीक्षेच्या आदल्या रात्री घरात वाद घालू नये. जेथे निवड शक्य आहे तेथे ती करावी: वर उल्लेखिलेल्या मुलींच्या मंडळाचे वर्ग शनिवारी किंवा रविवारी भरतात, तेव्हा शब्बाथ पाळणाऱ्या मुलीने रविवारचे केंद्र मागावे.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. मुलाला गुण कमी पडले की नातेवाईक म्हणतात, "त्याला इस्राएलला पाठवा." १९५० च्या कायद्याने प्रत्येक ज्यू व्यक्तीला तेथे जाऊन स्थायिक होण्याचा अधिकार आहे, आणि श्रद्धेने किंवा आप्तांच्या ओढीने जो जाईल त्याला कोणी अडवू नये. परंतु गुणपत्रिकेवरचा उतारा म्हणून देशांतर सुचविणे मला अयोग्य वाटते. तेथे गेलेल्या मुलापुढे आधी उलपानमधील हिब्रू, बहुधा सक्तीची लष्करी सेवा आणि मग विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा असतात. जो मुलगा स्वभाषेत आणि स्वगृही मध्यम ठरला, त्याला परभाषेत एकट्याने हे सर्व सोपे जाईल असे मानण्यास आधार काय? तो मनापासून जात आहे की येथील लाज चुकविण्यासाठी, हे आईबापांनीच ओळखले पाहिजे. उलट, येथला मिन्यान मोडेल म्हणून त्याला अडकवून ठेवणेही तितकेच चूक. अठरा वर्षांच्या मुलाला दहावा माणूस म्हणून मोजावे; पण त्याआधी त्याला माणूस म्हणून पाहावे.

माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थांना मी ह्यापेक्षा अधिक काही सांगू शकलो नाही. मुलाशी बोलल्यावर कळले की त्याला वाणिज्य मुळीच आवडत नव्हते. पाहुण्यांची व्यवस्था, स्वयंपाक, माणसांत वावरणे ह्यांत त्याचा जीव रमत होता. ही गोष्ट वडिलांना ठाऊक होती. ती सांगण्यासारखी आहे असे मात्र त्यांना वाटले नव्हते. पुढल्या वर्षी तो हॉटेल व्यवस्थापनाच्या शिक्षणाला लागला.

बेने इस्राएलांच्या घरी नवस फेडताना किंवा एखादे शुभकार्य पार पडल्यावर मलिदा करतात. ताटात गोड पोहे, ओले खोबरे, फळे. एलियाहू हनाबीचे स्मरण. आणि मग सर्वांना प्रसाद. परीक्षेत यश मिळाले म्हणूनही मलिदा होतो. त्या मुलाला प्रवेश मिळाल्यावर त्याच्या आईने मलिदा केला व मलाही बोलावले. टक्क्यांची चौकशी त्या दिवशी कोणी केली नाही.