दात दुखण्याची वाट का पाहावी?

"दात दिवसातून किती वेळा घासावेत?" असे महाविद्यालयाच्या वर्गात विचारले, की उत्तर चटकन येते, "दोन वेळा!" "काल रात्री कोणी कोणी घासले?" असे विचारले, तर मात्र हशा पिकतो आणि हात थोडेच वर होतात.

नेरूळ, खारघर, कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत. नवी मुंबईत माहितीची वा उपचारांची वाण नाही. तरीही आपण दंतवैद्याकडे जातो ते दात ठणकू लागल्यावरच. "दुखत नाही, म्हणजे ठीक आहे," हा समजच चुकीचा आहे.

दंतवल्क हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ. पण त्यात मज्जातंतू नाहीत. तोंडातील जीवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला, की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. सुरुवातीची झीज लाळ व फ्लोराइड भरून काढू शकतात. परंतु झोपेत लाळ फारच कमी स्रवते. म्हणून रात्रीचे घासणे महत्त्वाचे. एकदा खड्डा पडला, की तो आपोआप बुजत नाही आणि कळ येते ती कीड खोल गेल्यावर! एवढ्या उशिरा वाजणारी धोक्याची घंटा प्रयोगशाळेत कोणी ठेवील काय?

परीक्षेत आपण उत्तराला गुण देतो, सवयीला नाही. शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. प्रत्येकाने महिनाभर, रात्री दात घासल्यावर वहीत एक खूण करावी. महिनाअखेर रिकामी घरे ज्याची त्यानेच मोजावीत. आपल्याला माहीत काय आहे आणि आपण करतो काय, यांतील अंतर तेव्हा आकड्यांत दिसेल.