गाळलेले पाणी आणि उघडी पुली

श्रावकाच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पिण्याच्या भांड्यात जात नाही. छन्ना केव्हा धुवावा, विरळ झाला की केव्हा बदलावा, हे घरातील सुनेला कोणी लिहून द्यावे लागत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवासाठी इतकी दक्षता बाळगणारी अनेक कुटुंबे डाळमिल, तेलगिरणी, जिनिंग, यंत्रमाग किंवा पत्र्याच्या वस्तूंचा कारखाना चालवितात. तेथे मात्र फिरत्या पुलीवरची जाळी काढून कोपऱ्यात ठेवलेली असते आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एक माणूस वाकून काम करीत असतो. घरातील दक्षता कारखान्याच्या फाटकाशी का थांबते, याचा विचार प्रत्येक व्यापारी कुटुंबाने करावयास हवा.

खानदेशातील एका डाळमिलमधील प्रसंग येथे उपयोगी पडेल. तुरीचा हंगाम होता. एलिव्हेटर बुडाशी तुंबला. बुडाच्या पुलीवर चार बोल्टांनी बसविलेली लोखंडी जाळी होती. पण माल वारंवार तुंबत असल्याने आणि प्रत्येक वेळी बोल्ट सोडण्यात दहा मिनिटे जात असल्याने ती काही महिन्यांपूर्वीच काढून ठेवण्यात आली होती. पस्तिशीच्या कामगाराने स्टार्टर बंद केला, खाली वाकला आणि अडकलेला माल हाताने काढू लागला. वरच्या मजल्यावरील मदतनिसाला यंत्र बंद का पडले हे ठाऊक नव्हते. त्याने खाली येऊन हिरवे बटन दाबले. यंत्र थांबेपर्यंत उजव्या हाताची तीन बोटे गेली होती.

त्या रात्री शेठजी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा त्यांच्या वयोवृद्ध आईंनी एकच गोष्ट विचारली, "त्या चाकावर झाकण नव्हते का रे?"

"होते, आई. जाळी होती. काढून ठेवली होती."

"कुठे?"

"गोदामात. बारदानाच्या मागे."

आई पुढे काही बोलल्या नाहीत. शेठजींनी त्या वर्षी मिलचा आगीचा विमा वेळेवर भरला होता, बँकेला मालसाठ्याचे विवरण दरमहा दिले होते, मोटारीची देखभालही नियमित होती. जाळी मात्र कोणत्याच वहीत नव्हती.

जैन आचारशास्त्राने गृहस्थाच्या जीवनातील हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले आहेत. उद्योग करणाऱ्याला उद्योगी हिंसा पूर्णतः टाळता येत नाही, हे शास्त्रानेही मान्य केले आहे. परंतु ही सवलत नाही. तिच्यासोबत यतनेची, म्हणजे जयणेची, अट आहे. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मध्यवर्ती स्थान आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची गणना होते. छेद म्हणजे अवयवाचा भंग आणि अतिभारारोपण म्हणजे शक्तीपलीकडचे ओझे लादणे. डाळमिलच्या मालकाने कोणाची बोटे तोडण्याचा संकल्प केलेला नव्हता, हे खरे. पण जाळी काढण्याचा निर्णय मात्र कोणीतरी जाणूनबुजून घेतला होता, आणि तो महिनोन्‌महिने मालकाच्या डोळ्यांसमोर होता. श्वेतांबर परंपरेतील पंधरा कर्मादानांमध्ये यंत्रपीडनाचा स्वतंत्र उल्लेख आहे. यंत्राच्या धंद्यात धोका अधिक, हे आपल्या पूर्वसूरींनी ओळखले होते.

कायद्याचा इतिहासही हेच सांगतो. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा 1881 चा. यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद त्यातही होती. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर कामावर जखमी होणाऱ्यांच्या वेतनाचीही मागणी होती. पुढे 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 21 मध्ये यंत्रांच्या कुंपणाचे, कलम 22 मध्ये चालू यंत्राजवळील कामाचे आणि कलम 24 मध्ये यंत्राची शक्ती तात्काळ तोडण्याच्या साधनांचे नियम घातले. कलम 26 नुसार नव्या यंत्राच्या फिरत्या भागावरील उघडे स्क्रू, बोल्ट आणि चाव्या झाकलेल्या असाव्या लागत आणि ते न पाळता यंत्र विकणाराही दोषी ठरे. जुने यंत्र स्वस्तात घेताना त्याची जाळी विक्रेत्याकडेच राहून जाते, हा नेहमीचा अनुभव आहे. सौद्यातच ती मागून घ्यावी.

भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर 1987 मध्ये या अधिनियमात मोठी दुरुस्ती झाली आणि कामगारांची सुरक्षितता राखणे हे भोगवटादाराचे सर्वसाधारण कर्तव्य म्हणून स्पष्ट शब्दांत नमूद झाले. भोगवटादार कोण? भागीदारी पेढीत कोणताही भागीदार, कंपनीत संचालक. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये जे. के. इंडस्ट्रीज प्रकरणी निर्णय दिला की, कंपनीला एखाद्या अधिकाऱ्याला भोगवटादार नेमून संचालकांची सुटका करून घेता येणार नाही. "ते सगळे मॅनेजर बघतो" हे उत्तर म्हणून न्यायालयात टिकत नाही. पेढीच्या भागीदारीपत्रात ज्या मुलाचे, सुनेचे किंवा पुतण्याचे नाव केवळ करनियोजनासाठी घातले असेल, त्यांनीही हे जाणून घ्यावे. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हीच तत्त्वे पुढे नेण्यात आली असून शिक्षेतील दंडाच्या रकमा वाढविण्यात आल्या आहेत.

आता हिशेबाची बाजू पाहू. 1923 च्या कर्मचारी भरपाई अधिनियमाच्या अनुसूचीत अवयवांच्या हानीचे कोष्टक होते. त्यानुसार एका हाताची तीन बोटे गेल्यास कमाईची क्षमता 30 टक्के घटली असे मानले जाई. अंगठा गेल्यास 30 टक्के, चार बोटे गेल्यास 50 टक्के. कामगाराचे वय 35 आणि हिशेबात धरावयाचे मासिक वेतन त्या अधिनियमाखालील कमाल मर्यादेइतके, म्हणजे 15,000 रुपये मानले, तर त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला या वयाचा गुणक 197.06 लावला की 17,73,540. आणि त्याच्या 30 टक्के म्हणजे 5,32,062 रुपये. देय झाल्यापासून महिनाभरात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज आणि प्रसंगी निम्म्या रकमेपर्यंत दंड. कामगार ठेकेदाराचा असला, तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल, तर लाभ महामंडळाकडून मिळतो. म्हणून पात्र कामगाराचे नाव तेथे न नोंदविणे ही बचत नव्हे. जे या योजनेबाहेर राहतात, त्यांच्यासाठी कर्मचारी भरपाईचा स्वतंत्र विमा घ्यावा. आगीचा विमा इमारत, यंत्र आणि माल यांचा असतो. त्यात माणसाचा हात येत नाही.

तरीही भरपाईचा आकडा हा नुकसानीचा आकडा नव्हे. उजव्या हाताची तीन बोटे गेलेल्या माणसाला पोत्याचे तोंड शिवता येत नाही, सदऱ्याची गुंडी लावताना बायकोला हाक मारावी लागते. हे कोणत्याही कोष्टकात लिहिलेले नाही.

यासाठी करावयाचे काय? आजकाल यंत्रांच्या जोखमीचे मूल्यमापन करून देणाऱ्या संस्था आणि सल्लागार उपलब्ध आहेत. त्यांचे काम समजून घेतले, तर त्यांच्याकडून ते नीट करून घेता येते. मूल्यमापन म्हणजे प्रत्येक यंत्रापाशी उभे राहून काही साध्या प्रश्नांची उत्तरे लिहून काढणे. येथे माणूस कशाने चिरडला, ओढला, कापला किंवा भाजला जाऊ शकतो? येथे कोण कोण येते? इजा झाली तर किती मोठी होईल? तसे घडण्याचा संभव किती? तो टाळण्यासाठी आज काय आहे, आणि काय हवे? इजेची तीव्रता आणि तिचा संभव यांना गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धत आहे. त्यावरून कोणते काम आधी हाती घ्यावे हे कळते. मात्र "वीस वर्षांत कधी घडले नाही" म्हणून संभवाला शून्य देऊ नये. त्या डाळमिलमध्येही त्यापूर्वी कधी घडले नव्हते.

मूल्यमापन यंत्र सुरळीत चालू असतानाच करून भागत नाही. अपघात बहुधा माल तुंबला असता, पट्टा चढविताना, तेल घालताना, सफाई करताना आणि वीज परत येताना होतात. शाफ्टखाली झाडू मारणारी बाई यंत्रचालक नसते, म्हणून तिचे नाव यादीत येत नाही. पण तिचा पदर तेथेच असतो. चालू यंत्राजवळ तपासणी किंवा तेल घालण्याचे काम अटळ असेल, तर ते विशेष प्रशिक्षण घेतलेल्या, अंगाला घट्ट बसणारे कपडे घातलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करावे, असे 1948 चा अधिनियम सांगत असे. ते कपडे पुरविणे हे मालकाचे काम.

उपायांचाही एक क्रम आहे. यंत्रसुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 12100 तीन पायऱ्या सांगते. पहिली, धोकाच काढून टाकणे. एलिव्हेटर वारंवार का तुंबतो, याचा शोध घेऊन मालाचा ओघ दुरुस्त करणे ही ती पायरी. दुसरी, जो धोका उरतो त्याला जाळी, आवरण किंवा झाकण उघडताच यंत्र थांबविणारी कळ यांनी अडविणे. तिसरी, तरीही जे उरते त्याविषयी सूचना आणि शिक्षण देणे. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. 4 मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला भिंतीवर फलक लागतो, हातमोजे वाटले जातात आणि जाळी गोदामातच राहते. फिरत्या शाफ्टजवळ तर हातमोजा हाताला आत ओढण्याचे कारण ठरतो.

दोन व्यवस्था लहानात लहान कारखान्यातही करता येतात. पहिली म्हणजे कुलूप. दुरुस्ती करणाऱ्याने मुख्य स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावावे, पाटी अडकवावी आणि किल्ली काम संपेपर्यंत स्वतःच्याच खिशात ठेवावी. दुसरी, वीज गेल्यावर आपोआप सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र सुरू न करणारा स्टार्टर. भारनियमनाची सवय असलेल्या आपल्या भागात याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

सल्लागार निवडताना त्याच्या शुल्काआधी त्याची पद्धत विचारावी. तो यंत्रापाशी किती वेळ थांबतो? चालकाशी आणि फिटरशी बोलतो का? अहवालात प्रत्येक यंत्राचे नाव, धोक्याचे छायाचित्र, उपाय, मुदत आणि जबाबदार व्यक्ती लिहितो का? कचेरीत चहा घेऊन दुसऱ्या कारखान्याच्या अहवालावर नाव बदलून देणारा सल्लागार कागद देतो, सुरक्षितता देत नाही. लिफ्टची तपासणी दर सहा महिन्यांनी आणि माल उचलणाऱ्या क्रेन, साखळी यांची वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून करून घेणे हे 1948 च्या अधिनियमाचे बंधन होते. ही प्रमाणपत्रे आवश्यक आहेत. मात्र त्यांच्या फाइलने उघडी पुली झाकली जात नाही.

डाळमिलच्या शेठजींनी त्या वर्षीच्या संवत्सरीनंतर त्या कामगाराचे घर गाठले. हात जोडून क्षमा मागितली. कामगार संकोचून उभा राहिला. मग म्हणाला, "शेठजी, माफी कशाची मागता? दिवाळीनंतर धाकटा भाऊ तुमच्याकडेच कामाला येतो आहे. त्याच्या आधी तेवढी जाळी बसवा."

जाळी बसविण्यात आली. या वेळी मिस्त्रीने बोल्टांऐवजी बिजागरी लावली आणि जाळी उघडताच मोटर बंद पडेल अशी कळ जोडली, म्हणजे दहा मिनिटांची सबब उरली नाही. स्टार्टरजवळ दोन कुलपे टांगली गेली. शेठजींनी एक नोंदवही उघडली. थोडक्यात टळलेला प्रसंगसुद्धा तीत लिहावयाचा आणि लिहिणाऱ्यावर रागवावयाचे नाही, असे त्यांनी सर्वांना सांगितले. दर सोमवारी सकाळी मिल सुरू होण्यापूर्वी ते स्वतः प्रत्येक यंत्रापाशी जातात आणि जाळीला हात लावून पाहतात. त्यांचा मुलगा सोबत असतो. वही त्याच्याच हातात असते.